जोडव्याखालची खाज आणि सराफाची पावती

नागपुरात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येतात, आणि नव्या सुनांच्या पायाची बोटं खाजायला लागतात तीही याच दिवसांत. आधी जोडव्याखाली लालसर वळ, मग बारीक पाण्याचे फोड, मग चिघळणं. घरचा निकाल ठरलेला: "हिला चांदी सोसत नाही." कोणीतरी मोठी बाई वरून म्हणते, "काहून काढते वो जोडवी? होते सवय. आम्ही नाही घातली काय?" माझ्या भाचीने हे दोन्ही ऐकलं. मला दोन्हींचा राग येतो, म्हणून हा प्रपंच.

नुसत्या चांदीची ॲलर्जी फार क्वचित होते. पण शुद्ध चांदी इतकी मऊ की तिचं जोडवं रोजच्या वापरात टिकायचं नाही, म्हणून तिच्यात दुसरा धातू मिसळावाच लागतो. ९२५ची चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक वेळा तांबं. इथवर ठीक. भानगड असते कमी टंचाच्या, म्हणजे कमी शुद्धतेच्या मालात, फाशाच्या आकड्यात, मुलाम्याच्या खालच्या थरात. तिथे निकेल असू शकतं, आणि धातूंच्या ॲलर्जीत सगळ्यात जास्त आढळणारा धातू हाच. जर्मन सिल्व्हर तर नावालाच सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त, चांदी त्यात औषधालाही नाही. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, "ऑक्सिडाइज्ड" म्हणून ढिगाने मिळणारे झुमके नेमके कशाचे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता त्यात आपला मे महिना. पारा ४५ला टेकलेला, पायात बंद चप्पल, जोडव्याखाली घाम. घामातल्या क्षारांमुळे निकेल सुटतं आणि कातडीत उतरतं. तेच जोडवं डिसेंबरात मुकाट बसलेलं असतं. पुरळही लगेच उठत नाही, एकदोन दिवसांनी उठतं. त्यामुळे बाई आदल्या दिवशीच्या वांग्याला दोष देते, साबण बदलते, दागिना मात्र तसाच.

आणि ती "सवय"! या ॲलर्जीत उलटंच घडतं. वर्षानुवर्षं काही न होता घातलेला दागिना एक दिवस त्रास देऊ लागतो, कारण शरीर तेव्हा कुठे निकेल ओळखायला शिकलेलं असतं. एकदा शिकलं की ते सहसा जन्मभर विसरत नाही. मग घड्याळाचं बक्कल झोंबतं, जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली चट्टा येतो. त्यामुळे "कालपर्यंत तर घालत होती" हा काही पुरावा होत नाही, आणि सासूला झालं नाही म्हणून सुनेला होणार नाही असंही नाही.

प्रत्येक डाग ॲलर्जीचा नसतो, हेही खरं. चांदी गंधकाने काळी पडते, तो काळेपणा कातडीला लागतो आणि धुतला की जातो. (ती अंगातली उष्णता ओढून काळी पडते, हे आमच्या आजीचं शास्त्र. आजीशी कोण वाद घालणार!) हिरवट डाग तांब्याचा. अंगठीखाली साबणाचं पाणी अडकूनही कातडी सोलवटते.

खरी चीड येते ती मेडिकलच्या दुकानातल्या ट्यूबची. गोल चट्टा दिसला की गजकर्ण समजून स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात ठेवतात. खाज थांबते, मलम सोडलं की पुन्हा उठते, आणि चट्टा खरंच गजकर्णाचा असला तर तो आणखी पसरतो. ॲलर्जी नेमकी कशाची हे शोधायला त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तास ठेवतात, मग त्या काढून बघतात, आणि एकदोन दिवसांनी पुन्हा. भर उन्हाळ्यात पट्ट्या घामाने सुटतात, म्हणून घाई नसेल तर हिवाळ्यात करावी. तोवर जोडवी डब्यात. सौभाग्य काही बोटातून गळून पडत नाही.

आता इतवारीच्या सराफा ओळीबद्दल. सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, भिंगातून बघतो. चांदी घेताना वजन आणि भाव लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये टाकून निघतो. चांदीसाठीही सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीसह, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह, हॉलमार्क १ सप्टेंबर २०२५पासून सुरू झाला आहे, पण ऐच्छिक. माझ्या मते तो सक्तीचाच हवा. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण हॉलमार्क चांदी किती ते सांगतो, उरलेल्यात काय घातलं ते सांगत नाही. युरोपात १९९४ सालीच निकेलवर निर्देश निघाला. तिथे अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, असा नियम आहे.

आपण एवढं तर करू शकतो: पावतीवर टंच लिहून मागायचा आणि मिसळलेला धातू कोणता ते विचारायचं. दुकानदार म्हणेल, "ताई, चांदीत कोण विचारतं हे?" तर पुढच्या दुकानात जायचं. ओळीत दुकानांची कमी नाही.