‘कुणीही झेरॉक्स काढतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

चळवळीच्या पत्रकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘काका, झेरॉक्सच्या दुकानातून कुणीही पाचशे कागद काढतं, त्यात कसली आली चळवळ? व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात हा नुसता कचरा.’ काका म्हणायला हरकत नाही. ज्या सुरात म्हटलंत तो मात्र कळला. टोपणनाव घेऊन असा सूर लावता येतो. पत्रकाच्या तळाशी खरं नाव घालावं लागतं, आणि पोलीस पाटील ते वाचतो.

आठवडी बाजारात वाटलेली बरीच पत्रकं संध्याकाळी पायदळी असतात, हे मान्य.

पण ‘कुणीही काढतं’? काढा की! ए-फोरचा एक रिम म्हणजे ५०० कागद, पानाचे चार तुकडे केले की २,००० पत्रकं. एका तुकड्यात सत्तर-ऐंशी शब्दांच्या वर गेलात की टाइप बारीक करावा लागतो, आणि भाजीची पिशवी हातात असलेला माणूस खिशातून चष्मा काढत बसत नाही. कडेला पाच मिलिमीटर सोडले नाहीत तर मशीन ओळींची टोकं खातं. फोटो घालू नका, करड्या छटा घालू नका, गडद गुलाबी कागद तर नकोच. का? कारण ‘सोमवारी तहसीलवर मोर्चा’ हे पत्रक शेजारच्या गावाने हातातल्या प्रतीवरूनच पुन्हा काढायचं असतं. प्रतीवरून प्रत, अशा तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्समध्ये फोटोचा काळा डाग होतो आणि रंगीत कागदाची राखाडी सावली अक्षरांवर चढते. ज्याची प्रत निघत नाही ते पत्रक तुमच्याच गावात मेलं.

सायक्लोस्टाइलला, म्हणजे झेरॉक्सच्या आधीच्या स्टेन्सिलवरून छापायच्या यंत्राला, हेच गणित वेगळं होतं. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं. बोट जोरात पडलं की ‘ठ’चं पोट गळून नुसता काळा ठिपका छापला जाई. शाई तेलकट, म्हणून कागद खरखरीत, शोषणारा हवा. गुळगुळीत घेतला की एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला. ट्रेडल, सायक्लोस्टाइल, ऑफसेट ही छपाईची तिन्ही यंत्रं हाताखालून गेलेल्या माणसाला तुम्ही झेरॉक्स समजावताय.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. मधली साडेपंधरा वर्षं चळवळ चालली, तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढंच.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या. आणि पाचशे काढायला गेलातच, तर कटिंगचे पैसे वेगळे लागतात का ते आधी विचारा.