जावाचा शेतकरी गप्प बसला नव्हता

‘जावाचा शेतकरी मुळातच सोशिक, म्हणून तर डचांनी तिथे साडेतीनशे वर्षं बिनघोर राज्य केलं,’ असा इंडोनेशियातल्या जावा बेटाबद्दलचा मजकूर सगळीकडे फिरतोय. तो वाचून राहवलं नाही.

आधी तो आकडा. डच ईस्ट इंडिया कंपनीने बटाव्हिया (आजचं जकार्ता) घेतलं 1619 मध्ये, पण आतल्या मुलखावर जावाच्या राजदरबारांचा अंमल होता. सगळं जावा डचांच्या मुठीत आलं ते 1830 नंतर, आणि त्याआधीची पाच वर्षं जावाचा राजपुत्र दिपोनगोरो याच्याशी लढण्यात गेली. त्या युद्धात सुमारे 2 लाख जावानीज माणसं मेली. याला बिनघोर म्हणायचं?

‘ते तर राजपुत्राचं भांडण,’ असंही त्यात म्हटलंय. दिपोनगोरो राजपुत्र होता, खरंय. पण बाजाराला माल नेणाऱ्या शेतकऱ्याला जागोजागी जकातनाक्यावर पैसे मोजावे लागत. लढाई सुरू होताच लोक या नाक्यांवर तुटून पडले, ते काही गादीसाठी नव्हे. पुढे गावांवर ऊस आणि निळीची सक्ती आली, तेव्हा रात्री उभा ऊस पेटू लागला. 1888 मध्ये जावाच्या पश्चिम टोकाला, बांतेनमधल्या चिलेगोनात तर उघड उठाव झाला.

पण मला सगळ्यात राग येतो तो ‘सामिनवाले म्हणजे वेडपट’ या त्यातल्या वाक्याचा. सामिनवाले म्हणजे सामिन नावाच्या शेतकऱ्यामागे गेलेली माणसं. मध्य जावातल्या ब्लोरा भागात सागाची जंगलं. घराला वासा, चुलीला लाकूड लोक तिथूनच आणायचे. सरकारने जंगल आपलं ठरवलं आणि लाकूडतोड गुन्हा झाली. 1890 च्या सुमारास सुरोंतिको सामिन या शेतकऱ्याभोवती माणसं जमू लागली. त्यांनी शस्त्र उचललं नाही. कर मागितला की म्हणायचे, सरकारकडून आम्ही उसनं घेतलंय कुठे? मोजणीदार आले की आपल्या शेतात आडवे व्हायचे आणि ओरडायचे, ही माझी आहे! आणि साहेबापुढेही बोलायचे ते न्गोको, घरातली अरेतुरेची भाषा. जिथे वरच्या माणसाशी बोलताना शब्दच वेगळे वापरावे लागतात, तिथे हे धाडस केवढं मोठं, ते ‘अहोजाहो’ पाळणाऱ्या आपल्याला तरी कळायला हवं.

1907 मध्ये डचांनी सामिनला सुमात्राला हद्दपार केलं. 1914 मध्ये तो तिथल्याच पादांग शहरात वारला. त्याच वर्षी ब्लोराकडे त्याची माणसं कर नाकारत पुन्हा उभी राहिली होती.