कळलं नाही आणि पोचलं नाही

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती आणि तिखटही, म्हणून उत्तराला आठवडा लागला. मधल्या दिवसांत तुम्ही ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त चिडला होतात तो चित्रपट मी पुन्हा पाहिला. तो पाहिल्याशिवाय उत्तर लिहिणं मला बरोबर वाटेना.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेल्या चित्रपटांबद्दल मी लिहिलं होतं, त्यात तीन विधानं होती. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या ‘ओपनहायमर’चा शेवटचा तास मला जड गेला, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये काही घडतच नाही, आणि ‘फ्लो’ मला मनापासून आवडला. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मला तंत्रातलं काही कळत नाही, शेकडो माणसांच्या मेहनतीवर मी दोन ओळींत शेरा मारते, आणि डोकं लावायला लागणारे चित्रपट झेपत नाहीत म्हणून मांजराच्या ॲनिमेशनचं कौतुक करते.

‘झोन’पासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं साफ चुकलं.

पहिल्यांदा मी तो फक्त डोळ्यांनी पाहिला होता. नाझींच्या ऑशवित्झ छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ हॉस, त्याची बायको हेडविग, मुलं, बाग, पोहायचा लहानसा हौद आणि मागे छावणीची भिंत. हेडविग दुसऱ्या कुणाचा तरी फरचा कोट अंगावर घालून आरशासमोर उभी राहते, त्याच्या खिशात तिला लिपस्टिक सापडते, ती लावून बघते. अंगावर काटा आला होता, नाही असं नाही. पण मी पुढच्या घटनेची वाट बघत बसले आणि ती घटना आलीच नाही. बाहेर पडताना ‘काही घडत नाही’ हेच मनात होतं, तेच लिहिलं.

तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही भिंत पाहिलीत, भिंतीपलीकडचं ऐकलं नाहीत.’ वाक्य झोंबलं. म्हणून या वेळी रात्री, हेडफोन लावून बसले. सुरुवातीला पडदा बराच वेळ नुसता काळा असतो आणि फक्त संगीत चालू असतं. थिएटरमध्ये मला वाटलं होतं की प्रोजेक्टरचा काही घोळ झालाय. आता कळलं की दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर तिथे डोळे बंद करून कान उघडायला लावतो आहे. मग बाग आली. हेडविग आपल्या आईला फुलं, भाजीचे वाफे, काचघर कौतुकानं दाखवते आहे, आणि मागे एक खोल घरघर चालू आहे, भट्टी चालल्यासारखी. तिच्यावर मधूनच ओरडा, कुत्र्याचं भुंकणं, लांबून गोळीचा आवाज. आईला झोप लागत नाही, रात्री तिच्या खोलीत बाहेरचा तांबूस उजेड येतो, आणि सकाळी ती कुणाचाही निरोप न घेता निघून गेलेली असते. पहिल्या वेळी ती का गेली हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पटकथेतलं सुटलेलं टोक असेल असं समजून मी पुढे गेले होते. त्या घरातली ती एकटीच अशी होती की जिला त्या आवाजाची सवय झालेली नव्हती, म्हणून ती गेली.

आणि मला जे सगळ्यात जास्त लागलं ते हे: मध्यावर कधीतरी लक्षात आलं की ती घरघर मलाही ऐकू येईनाशी झाली आहे. आवाज थांबला नव्हता. माझे कान सरावले होते. हेडफोन काढून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

छावणीतलं क्रौर्य हा चित्रपट एकदाही दाखवत नाही. घरात ठिकठिकाणी कॅमेरे लपवून, तंत्रज्ञ बाहेर ठेवून चित्रण केलं, आणि भिंतीपलीकडचं सगळं ध्वनीवर सोपवलं. 2024 साली याला सर्वोत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते जॉनी बर्न आणि टार्न विलर्स यांना. ते मला आधी माहीत असतं तर मी कान देऊन बसले असते का? कदाचित. पण जे चित्रपटात होतं आणि मी घेतलं नाही, ती चूक माझी. जुन्या लेखातलं ते वाक्य मी खोडलं आहे आणि खाली का खोडलं तेही लिहिलं आहे.

‘ओपनहायमर’च्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही.

तुम्ही समजावून सांगितलंत की रंगीत भाग ओपनहायमरच्या नजरेतून आहे आणि कृष्णधवल भाग त्याचा विरोधक, अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख लुईस स्ट्रॉस याच्या बाजूनं, आणि हे कळलं नाही म्हणून शेवटचा तास मला जड गेला. ते मला कळलं होतं. ओपनहायमरची 1954 ची सुरक्षा चौकशी कुठली आणि 1959 मध्ये मंत्रिपदासाठी स्ट्रॉसची सिनेटपुढे झालेली सुनावणी कुठली, हेही पाहता पाहता लागत गेलं. अडचण वेगळी होती. बंद खोलीत माणसं भराभर बोलतात, एकामागून एक नावं येतात, मागे संगीत चढत राहतं, आणि बोललेले शब्द त्यात बुडतात. मी पुढे वाकून ऐकत होते, तरी काही वाक्यं हातची गेली. त्यातल्या एखाद्या वाक्यावर पुढचा सगळा डाव फिरलेला असायचा.

दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन नटांकडून स्टुडिओत संवाद पुन्हा म्हणवून घेत नाही, सेटवर त्या क्षणी जे बोललं गेलं तेच ठेवतो, हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्यामागचं कारण मला पटतं. त्या क्षणाचा आवाज पुन्हा आणता येत नाही, हे खरंच आहे. पण कारण पटलं म्हणून वाक्य ऐकू येत नाही. ‘झोन’मध्ये वस्तू ताटात होती, मीच खाल्ली नाही. इथे ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. पहिल्या प्रकारात मी शिकायला हवं, दुसऱ्या प्रकारात मी फक्त सांगू शकते की पोचलं नाही. हे सांगायला छायाचित्रणाचा अभ्यास लागत नाही, तिथे बसलेलं असावं लागतं.

आणि त्याच चित्रपटातल्या ट्रिनिटी चाचणीबद्दल, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीबद्दल, मी काय लिहिलं होतं ते तुम्ही सोडून दिलंत. आधी नुसता प्रकाश. मग श्वास सोडून सगळं गप्प. उजेड लगेच पोचतो, आवाजाला अंतर कापत यावं लागतं, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या शांततेत मला पहिल्यांदा शरीरानं कळली. स्फोटाचा आवाज आला तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तीन तासांच्या चित्रपटातला तो भाग मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि शेवटचा तास जड गेला हेही तितकंच खरं आहे. दोन्ही लिहिणं मला आवश्यक वाटलं.

लांबीबद्दल एवढंच, की मी मिनिटं मोजत नाही. ‘द ब्रूटलिस्ट’ मध्यंतर धरून 215 मिनिटांचा आहे आणि मी घड्याळ पाहिलं नाही.

मेहनतीचा मुद्दा. ‘शेकडो लोक राबले, त्यांचा विचार करा,’ असं तुम्ही म्हणता. करते. श्रेयनामावली संपेपर्यंत मी उठत नाही, ही माझी जुनी सवय आहे. पण मेहनत खूप झाली म्हणून मला चित्रपट आवडला असं लिहिलं, तर ते त्या माणसांशीही खोटं बोलणं होईल. ‘गॉडझिला मायनस वन’चे 610 व्हीएफएक्स शॉट्स, म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, जेमतेम 35 जणांच्या चमूनं केले, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतः त्यांच्यात बसून. हे मी नंतर वाचलं आणि थक्क झाले. पण समुद्रात ते धूड लाकडी बोटीच्या मागे लागतं तेव्हा माझे पाय आखडले होते, ते हा आकडा माहीत नसताना.

आता ‘फ्लो’. इथे मला तुमचं ‘मांजराचं ॲनिमेशन’ हे बोलणं खरंच लागलं. पंच्याऐंशी मिनिटं, एक शब्द नाही. पूर आलेला, माणसं नाहीशी झालेली, आणि एका होडीत मांजर, कॅपिबारा (घुशीसारखा पण बराच मोठा प्राणी), लेमूर (माकडासारखा, लांब शेपटीचा), कुत्रा आणि उंच पायांचा एक पक्षी. कुणी माणसासारखं बोलत नाही, विनोद करत नाही. मांजर आधी होडीच्या टोकाला अंग चोरून बसतं, कान मागे. पुढे पुढे ते जरा मधे सरकतं. एवढ्या सरकण्यात त्याचा भरवसा बसत जातो, आणि हे मला कुणी सांगत नाही, मी बघते. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसनं हा चित्रपट ब्लेंडर या कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला आहे. शब्दांशिवाय एवढं उभं करणं सोपं काम असेल असं तुम्हाला वाटतं का? ज्या माणसानं मला भिंतीपलीकडचं ऐकायला लावलं, त्यालाच हा चित्रपट इतका हलका वाटावा याचं मला नवल वाटलं. तुम्ही तो पाहिला आहे की नाही हे तुमच्या लिहिण्यातून कळलं नाही. पाहिला नसेल तर जरूर पाहा, आणि पटला नाही तर तसंच लिहा.

एक मागणं आहे. तुम्ही म्हणालात की ‘ओपनहायमर’चे तीन तास कसे गेले तुम्हाला कळलं नाही. त्या शेवटच्या तासात तुम्ही नेमके कुठे गुंतलात? कुठला प्रसंग, कुणाचा चेहरा, कुठलं वाक्य? ते लिहा. पुढच्या रविवारी मी तो पुन्हा लावणार आहे, या वेळी सबटायटल चालू करून, आणि तुम्ही सांगाल तिथे थांबून बघणार आहे.