अर्थिंगची पिन काढू नका: डॅकच्या किटबद्दल फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: डिजिटल आवाज पायऱ्यांचा असतो, म्हणून टीडीए१५४१सारखी जुनी चिप असलेले, फिल्टर नसलेले डॅकचे किट घरी जोडा; ३२ बिटचाच डॅक घ्या; दोनशे तास बर्न-इन करा, म्हणजे नुसते वाजवत ठेवून आवाज मुरवा; हमिंग, म्हणजे सततची गुणगुण, आले तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका; आणि दोन-तीन हजारांत लाखाच्या यंत्राला मागे टाका. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचे पुन्हा ॲनालॉग ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे यंत्र, एवढेच त्यात धड सांगितलेले आहे. हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी आणून त्याने किट जोडले होते, आणि पिन काढण्यापूर्वी त्याने विचारले, म्हणून निभावले. सगळेच विचारत नाहीत. त्यामुळे सुरुवात याच सल्ल्यापासून करतो.

किटमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे विजेच्या बाजूच्या वेटोळ्याला, २३० व्होल्ट येतात आणि सगळे सामान धातूच्या पेटीत बसते. प्रायमरीची वायर सुटून किंवा तिचे आवरण खरचटून ती पेटीला टेकली, तर पेटी अर्थला जोडलेली असल्यास त्या वाटेने मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो आणि दोष तिथल्या तिथे उघड होतो. पिन काढल्यावर यातले काहीच होत नाही. पेटीवर २३० व्होल्ट उभे राहतात, गाणे नेहमीसारखे वाजत राहते, आणि पेटीला हात लावणारा माणूसच अर्थची वाट बनतो. घरात आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल, पण झटका बसल्यावर. आणि कित्येक जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो नसतोच. शिवाय सिग्नलचा ग्राउंड, म्हणजे ध्वनिसंकेताची शून्य व्होल्टची तार, पेटीला जोडलेला असेल, तर तेच व्होल्टेज ध्वनीच्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीवरून ॲम्प्लिफायरपर्यंत आणि यूएसबीवरून लॅपटॉपपर्यंत पोचते.

यावर संदेशात असा युक्तिवाद आहे की बाजारातल्या अनेक स्टीरिओंना दोनच पिना असतात आणि तरी कोणी मरत नाही. दोन पिना असतात हे खरे आहे, तेवढे मान्य करतो. परंतु त्या यंत्रांत दुहेरी इन्सुलेशन असते, मूळ रचनाच अर्थशिवाय सुरक्षित राहील अशी केलेली असते, आणि त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. घरी भोके पाडून केलेल्या पत्र्याच्या पेटीला ही सवलत लागू होत नाही.

हमिंगचे कारणही संदेशकर्त्याला कळलेले नाही. लॅपटॉपचा तीन पिनांचा ॲडॉप्टर, डॅक आणि ॲम्प्लिफायर हे सगळे स्वतंत्रपणे अर्थला आणि केबलच्या जाळीने एकमेकांनाही जोडलेले असले, की ग्राउंड लूप तयार होतो, त्या जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह वाहतो आणि तोच ऐकू येतो. ॲडॉप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. हमिंग थांबले तर लूपच आहे असे बहुधा समजावे. मग सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. त्याने भागले नाही आणि किटला ऑप्टिकल इनपुट असेल तर तो वापरा, कारण त्यातून फक्त प्रकाश जातो आणि विजेचा दुवाच उरत नाही. तेही शक्य नसेल तर सिग्नलचा ग्राउंड पेटीला थेट न जोडता १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडतात आणि त्याला समांतर, उलटसुलट दिशेने, भरपूर प्रवाह पेलणारे डायोड लावतात. पेटी मात्र अर्थला थेटच जोडलेली राहते. त्यासाठी स्क्रूखालचा रंग खरवडून उघडा धातू काढावा, दातेरी वॉशर घालावा, आणि प्लगची अर्थ पिन व झाकणाचा स्क्रू यांच्यात मल्टिमीटर एक ओहमपेक्षा कमी दाखवतो आहे याची खात्री करावी. नवशिक्याने तर पेटीत २३० व्होल्ट आणूच नयेत. पाच व्होल्टच्या चांगल्या ॲडॉप्टरवर चालणारे किट घ्यावे.

आता पायऱ्या. डिजिटल संकेत पायऱ्यांचा दिसतो तो फिल्टरच्या आधी, आणि या पायऱ्या काढणे हेच फिल्टरचे काम असते. संदेश मात्र पायऱ्यांची भीती घालतो आणि पुढच्याच वाक्यात, ज्यात त्या पायऱ्या खरोखर बाहेर पडतात असे एकमेव किट, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग (मधली मापे हिशेबाने भरून दर वाढवणे) आणि फिल्टर नसलेले, विकत घ्यायला सांगतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० मापे घेतलेल्या, संगीताला असा डॅक २० किलोहर्ट्झपाशी सुमारे ३.२ डेसिबलने दाबतो, आणि १० किलोहर्ट्झच्या सुरासोबत ३४.१ किलोहर्ट्झवर त्याची नको असलेली प्रतिमा, जेमतेम ११ डेसिबलने खाली, पुढे पाठवतो. ती प्रतिमा कानाला ऐकू येत नाही, पण ॲम्प्लिफायरला ती पेलावी लागते. दबलेला वरचा भाग काहींना ‘मऊ’ आणि ‘ॲनालॉग’ वाटतो. आवडत असेल तर खुशाल ऐका, पण त्याला अचूकता म्हणू नका. ‘जुन्या अस्सल काळात ओव्हरसॅम्पलिंग नव्हते’ हे तर धादांत खोटे आहे. फिलिप्सच्या पहिल्याच सीडी प्लेअरमध्ये, सीडी १०० मध्ये, १४ बिटच्या टीडीए१५४० चिपसोबत चौपट ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर होता. ज्या टीडीए१५४१ची आज पूजा होते, तिच्यासाठीही फिलिप्सने एसएए७२२० हा चौपट ओव्हरसॅम्पलिंगचाच जोडीदार दिला होता. आज त्या चिपा घासून, नवी अक्षरे छापूनही विकल्या जातात, हा आणखी एक ताप.

टीडीए१५४१ ही १६ बिटची चिप आहे, आणि तिचे गुणगान करणारा हाच संदेश ३२ बिटचा आग्रह धरतो, याकडे संदेश पुढे ढकलणाऱ्या कोणाचेही लक्ष गेलेले दिसत नाही. बिट म्हणजे आवाजाचे प्रत्येक माप लिहिणाऱ्या आकड्याची लांबी, आणि त्यांच्या प्रश्नावर एकच संदर्भ पुरेसा आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उच्च दर्जाच्या डिस्कचा मूळ आवाज आणि तोच आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून काढलेला, असे दोन्ही श्रोत्यांना न सांगता ऐकवले गेले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून २७७ आली असती. आवाज अवाजवी वाढवल्यावरच १६ बिटची खरखर ऐकू आली. दोनशे तासांच्या बर्न-इनचा दावा करणाऱ्यांनीही अशी, न सांगता केलेली, एखादी चाचणी दाखवावी.

राहता राहिला स्वस्त किटने महागड्या यंत्राला मागे टाकण्याचा दावा. मागे टाकणे कठीण आहे, पण काही शे रुपयांचा पीसीएम५१०२ए या डॅक चिपचा बोर्ड कानाला पुरून उरतो, हे मनाविरुद्ध का होईना, मान्य करावे लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या माहितीपत्रकात या चिपचा सिग्नल आणि गोंगाट यांतील फरक ११२ डेसिबल दिलेला आहे. हा हिशेब १८ बिटांच्या जरा वर जातो, मग चिप ३२ बिटांचे आकडे स्वीकारत असली तरी. बोर्ड मुका राहिला तर मात्र बर्न-इनची वाट पाहू नये. मागच्या बाजूच्या चार पॅडांपैकी तिसरा, म्यूटचा, ‘एच’ बाजूला सोल्डरने जोडला आहे का, आणि मास्टर क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा वेगळा संकेत, देत नसाल तर त्याची एससीके नावाची पिन ग्राउंडला गेली आहे का, एवढे भिंग घेऊन पाहावे.