आमच्या आजीचं १९२९

चुलतभावाला पोर्तुगीज पासपोर्ट हवाय. गोव्यात यात आता नवल उरलेलं नाही, दर दुसऱ्या घरात कुणीतरी कागद गोळा करतंच आहे. आजी १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, गोव्यात जन्मली हे लिस्बनला पटवायचं, म्हणून गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. तिचा जन्मदाखला सापडला. पोर्तुगीजमध्ये, वळणदार अक्षरात, तिच्या नावाचा पार चेंदामेंदा केलेला. साल १९२९.

त्या रात्री सहज त्या साली जन्मलेल्यांची नावं बघत बसलो. मार्टिन ल्यूथर किंग, ॲन फ्रँक, ऑड्री हेपबर्न, नर्गिस, लता मंगेशकर. खरं तर अशा याद्यांचा मला वैताग येतो. त्या वर्षी विहिरींच्या पाण्यातच काही होतं जणू, अशा थाटात त्या लिहिलेल्या असतात. पण हीच नावं वयानुसार लावून बघितली आणि झोप उडाली.

१९४२ घ्या. २४ एप्रिलला दीनानाथ गेले, तेव्हा लता १२ वर्षांची. घरात चार धाकटी भावंडं. म्हणजे लगेच सिनेमाच्या सेटवर, चेहऱ्याला रंग लावून उभं राहणं आलं. बरोबर सात आठवड्यांनी, १२ जूनला, ॲमस्टरडॅममध्ये ॲनला तेराव्या वाढदिवसाची वही मिळाली आणि ६ जुलैला ती वही घेऊन ती नाझींपासून लपायला गेली. एकीचं बालपण कमवायच्या पायी संपलं, दुसरीचं बंद दाराआड.

आणि आमची आजी? म्हार्दोळला चौथीपर्यंतची मराठी शाळा संपवून चुलीपाशी. पोर्तुगाल युद्धात नव्हता, म्हणून गोव्यात युद्ध आलंच नाही असं आपण धरून चालतो. पण मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबलेल्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांनी रात्री हल्ला केला, आणि ते पेटून बुडालं. आजीला मात्र त्या जहाजाचं काही सांगता यायचं नाही. तिला आठवायचे ते न मिळणारे तांदूळ, आणि पेज पुरावी म्हणून सोबत उकडलेली कणगां. (शहरातल्यांसाठी: रताळी.) पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पंधरा वर्षांची ऑड्री उपासमारीत ट्युलिपचे कंद खाऊन राहिली. मोठेपणी तिला ॲनची भूमिका देऊ केली तेव्हा तिने ती नाकारली. मला तिचं हे 'नाही' तिच्या सगळ्या सिनेमांपेक्षा मोठं वाटतं.

किंग तेव्हा काय करत होता? १९४४ मध्ये, पंधराव्या वर्षी, जॉर्जियात वक्तृत्व स्पर्धेहून परतताना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडून त्याला कित्येक मैल उभं राहावं लागलं. त्याच ऑगस्टमध्ये ॲनला पकडून नेलं.

लताबाईंवर आजीचा हक्क वेगळाच. मंगेशी आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. जन्म इंदूरचा, वाढ बाहेरची, हे आजीला मान्यच नव्हतं. रेडिओवर आवाज आला की हातातलं काम थांबवून म्हणायची, "आमचें चेडूं." बरोबरीच्या बाईला चेडूं, म्हणजे पोरगी! वर, आपण एकाच सालच्या हे तिला ठाऊकही नसावं. घरात तिचा वाढदिवस कधी झालाच नाही, तारीख आम्हाला या दाखल्यावरून कळली.

मग १९६३. जानेवारीत लताबाई दिल्लीत नेहरूंसमोर गायल्या. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला अडीच लाख लोकांपुढे किंग बोलला. ॲन जाऊन तोवर अठरा वर्षं झाली होती. आणि ९ डिसेंबरला गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जन्मापासून बत्तीस वर्षं पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी जिला काही विचारलं नव्हतं, ती आजी चौतिसाव्या वर्षी ठेवणीतलं नऊवारी नेसून, दोन जावांना घेऊन मत द्यायला गेली. मत कुणाला दिलं, हे आजोबांनी जन्मभर विचारलं. तिने सांगितलं नाही.