अंगठा दाबून गादी कळत नाही

भाचीला नोकरी लागली, भाड्याची खोली मिळाली, आणि सामान लागायच्या आत तिच्या फोनवर तो मेसेज येऊन पडला. ‘भाड्याच्या खोलीसाठी गादी घेताय? फसू नका!’ खाली ठळक अक्षरांत नियम, शेवटी हात जोडलेली चिन्हं. परवा दुकानातूनच तिचा फोन आला, “मावशी, अंगठा दाबून बघितला, आत गेला गं. म्हणजे ही नको ना?” तासभर ती पोरगी गाद्यांना अंगठे लावत फिरत होती. मेसेज मागवून घेतला, वाचला, आणि आता गप्प बसवत नाही.

पहिला नियम असा: ‘गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली आणि तितकीच टिकाऊ. अंगठा आत गेला तर घेऊ नका.’ एका दमात दोन थापा आणि वर एक बोगस परीक्षा.

आधी परीक्षा. अंगठ्याचा सगळा जोर एका टिचभर जागेवर येतो, शरीराचं वजन मात्र लांबरुंद पसरतं. अंगठ्याने फक्त वरचा इंचभर थर कळतो, आणि तो थर कसाही बनवता येतो. त्यापेक्षा चपला काढून गादीवर कुशीवर झोपा, चांगली दहा मिनिटं. दुकानदार बघेल, बघू द्या. खांदा आणि कंबरेचं हाड थोडं आत जायला हवं. ते गेलं नाही तर मधली कंबर अधांतरी राहते आणि खालचा हात बधिर होतो.

आता पाठ. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीची, ठरावीक कारण न सापडलेली 313 माणसं घेतली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कोणाला कोणती, हे त्यांना सांगितलं नाही. 90 दिवसांनी झोपतानाचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या हालचालीतली अडचण, तिन्हींत मध्यम कडक गादीवाले बरे निघाले. फळीसारखी गादी हरली, तीही नेमकी कंबरदुखीवाल्यांमध्येच. ‘डॉक्टर सांगतात कडक घ्या’ असं लिहिणाऱ्याने कोणत्या डॉक्टरला विचारलं कोण जाणे. झोळीसारखी रुतणारी गादी वाईट, हे मात्र खरं. एवढं अर्धसत्य मेसेजच्या पदरात टाकते.

टिकाऊपणाची थाप तर मी स्वतः भोगली आहे. माझ्या पहिल्या खोलीतली गादी घेताना पाटासारखी होती. वर्षभरात मधे असा खड्डा पडला की कडेला ठेवलेलं पेन घरंगळत माझ्या पाठीखाली यायचं. कडकपणा म्हणजे फोम दाबायला किती जोर लागतो ते, आणि घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये माल किती भरलाय ते. दोन्ही वेगळं. एकाच घनतेचा फोम मऊही बनतो, कडकही. खड्डा लवकर पडणार की उशिरा, हे बरंचसं घनतेवर ठरतं. साध्या फोमची घनता घनमीटरला 30 किलोच्या आसपास किंवा वर असेल तर रोजच्या झोपेला बरी. विशीच्या आतबाहेर असेल तर ती पाहुण्यांपुरती.

आकडा सांगत नसतील तर वजन विचारा. 72 बाय 36 इंच, 5 इंच जाड गादी म्हणजे साधारण 0.21 घनमीटर. 32 घनतेचा फोम असेल तर तो पावणेसात किलोच्या आसपास भरायला हवा. चारच किलो भरला तर आत काय आहे ते समजून घ्या. यातही मेख आहेच: काही जण खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवतात, आणि तुकडे चिकटवून केलेला रिबाँडेड फोम मुळातच जड असतो. म्हणून खोळीला चेन असेल तर उघडून थर बघायचे, चेन नसेल तर आत काय काय आहे ते बिलावर लिहून घ्यायचं.

दुसरा नियम वाचून मात्र हसू आवरेना आणि रागही. ‘जुनी गादी घ्या, दोन तास उन्हात टाका, ढेकूण मरतात.’ ढेकूण तुमच्यासाठी उन्हात बसून राहणार आहेत का? ते शिवणीत आणि खालच्या बाजूला सरकतात. अंड्यांसकट मारायचं तर साधारण 48 अंशांची उष्णता तास-दीड तास आतपर्यंत पोचावी लागते. मोठे ढेकूण कित्येक महिने उपाशी तग धरतात. वाचवलेले पैसे औषधफवारणीत जातात आणि घरमालकाशी भांडण होतं ते वेगळंच. जुना पलंग एकवेळ घ्या, शिवणी आणि फटी तपासून. जुनी गादी नको.

बाकीचं झटपट. ‘दर आठवड्याला कडक ऊन द्या’ हे कापसाच्या गादीला ठीक; उघडा फोम उन्हाने पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो, त्याला सावलीतला वारा पुरे. ‘थेट जमिनीवर टाका’ म्हणे. अंगाचा दमटपणा खाली जाऊन फरशीपाशी अडकतो आणि गादीच्या पोटाला बुरशी धरते. पलंग नसेलच तर रोज सकाळी भिंतीला उभी करा. ‘ऑर्थोपेडिक लिहिलेलीच घ्या’: तो शब्द छापायला शाई लागते, बाकी काही नाही. ‘दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं चिंता नाही’: अटी वाचा, डाग पडला तरी बऱ्याचदा दावा नाकारतात. बिल जपून ठेवा म्हटलंय, ते मात्र बरोबर.

भाचीने दुसऱ्या दुकानात जाऊन घनता विचारली. दुकानदाराने आधी तिच्याकडे नीट बघितलं, मग गल्ल्याखालून एक मळका तक्ता काढला.