छातीपर्यंत हेलपाटा घालणारी नस

‘मानवी शरीर : एकही चूक नसलेलं यंत्र’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेली काही वर्षं या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे : डोळा हा ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. प्रत्येक अवयव जिथे हवा तिथेच आहे. शरीरात फुकटचं काहीही नाही. मेंदूचा आपण फक्त दहा टक्के भाग वापरतो. दर सात वर्षांनी शरीर संपूर्ण नवं होतं. लागेल ते सगळं ते स्वतःच बनवतं. आणि शेवटी, अर्धवट डोळा काहीच कामाचा नसतो, म्हणून डोळा टप्प्याटप्प्याने घडणं शक्यच नाही. सबब उत्क्रांती खोटी.

मी जीवशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी हा मजकूर वर्गात घेऊन येतंच. शरीर थक्क करणारं आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ‘एकही चूक नाही’ या तीन शब्दांना मात्र माझी हरकत आहे. शरीरात चुका ढीगभर आहेत, आणि आपण कुठून आलो हे त्या चुका जितकं स्वच्छ सांगतात तितकं शरीराची कौतुकं सांगत नाहीत.

डोळ्यापासून सुरू करू. हा ५७६ आकडा आला कुठून? साधा गुणाकार आहे. समोरचं दृश्य आडवं १२० अंश आणि उभं १२० अंश धरायचं. डोळ्याला जास्तीत जास्त बारकावा ०.३ कलांचा दिसतो असं मानायचं (एक अंश म्हणजे ६० कला). मग एका बाजूला २४,००० ठिपके होतात, आणि २४,००० गुणिले २४,००० म्हणजे ५७.६ कोटी. गणित बरोबर आहे, गृहीतक चुकलं आहे. इतका बारकावा दृष्टिपटलाच्या मधल्या एका चिमुकल्या खळग्यालाच जमतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याचं नख जेवढी जागा व्यापतं, जवळपास तेवढाच भाग आपल्याला कोणत्याही क्षणी खरा स्पष्ट दिसत असतो. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि ती न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून पाहा. बाकीचं चित्र डोळे सतत इकडेतिकडे फिरवून मेंदू जुळवत असतो. शिवाय दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात असल्या, तरी तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्या दृष्टिपटलाची मांडणी उलटी आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागे, आणि त्यांचे निरोप नेणाऱ्या चेतापेशी आणि तंतू त्यांच्यापुढे. म्हणजे कॅमेऱ्याच्या वायरी भिंग आणि फिल्म यांच्यामधून नेलेल्या. या वायरी बाहेर काढायच्या तर पटलाला भोक पाडावंच लागतं, आणि जिथे भोक आहे तिथे काही दिसत नाही. हा अंधबिंदू. तो शोधायला उपकरण लागत नाही. दोन्ही हात लांब करा, अंगठे शेजारीशेजारी उभे धरा, डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच टक लावून उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभर अंतर व्हायच्या जरासं आधी त्याचं नख नाहीसं होतं. वर्गात या क्षणी जो गलका होतो, त्यासाठी मी हा तास राखून ठेवतो.

यावर एक उत्तर येतं, आणि त्यात तथ्य आहे : मागच्या बाजूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे खादाड प्रकाशपेशी तिकडे असणं सोयीचं पडतं, शिवाय पटलातल्या काही पेशी प्रकाश आरपार नेण्याचं कामही करतात. कबूल. पण ऑक्टोपसच्या डोळ्यात प्रकाशपेशी पुढे आणि तंतू मागे आहेत, त्याला अंधबिंदू नाही, आणि त्याचं उत्तम चालतं. बहुतेक सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांची, माशापासून माणसापर्यंत, ही मांडणी मात्र उलटी. आपण ती माशांच्या शाखेकडून वारशात घेतली. मिळाली तशी वापरली आणि जमेल तितकी सावरली.

‘प्रत्येक अवयव जिथे हवा तिथेच’ हा दावा वाचला की मला स्वरयंत्राची नस आठवते. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या चेतांच्या, म्हणजे नसांच्या, बारा जोड्यांपैकी दहावी जोडी मानेतून छातीत उतरते. तिची एक शाखा स्वरयंत्राकडे जाते. स्वरयंत्र गळ्यात, मेंदूच्या हाकेच्या अंतरावर. पण डावी शाखा गळ्याजवळून खाली निघून जाते, छातीत शिरते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेकडेने पुन्हा वर येते. जिराफात हाच हेलपाटा चार मीटरहून लांब पडतो.

याचं कारण गर्भात दिसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्या गळ्याशी रक्तवाहिन्यांच्या कमानींच्या जोड्या तयार होतात. माशांमध्ये अशाच कमानी कल्ल्यांना रक्त पुरवतात. माशाला मान नाही, त्यामुळे कमानीच्या मागून कल्ल्याकडे जाणारी नस तिथे सरळच जाते. पुढे मान लांबली, हृदय छातीत उतरलं, आणि कमानीत अडकलेली नस तिच्यासोबत खाली ओढली गेली. उजवीकडे शेवटच्या कमानीचा भाग विरून जातो, म्हणून उजवी नस छातीपर्यंत न उतरता वरच्या, हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. डावीकडे तो भाग टिकतो, म्हणून डावीला लांबचा फेरा. ‘आवाज का बसला’ म्हणून आलेल्या रुग्णाच्या छातीचा फोटो डॉक्टर काढायला सांगतात, ते या फेऱ्यापायीच : तिथली गाठ किंवा फुगलेली महाधमनी ही नस दाबत असू शकते.

‘वाटेत ती हृदयाला, अन्ननलिकेला फाटे देते, म्हणून तो रस्ता हवाच’ असं समर्थन मी ऐकलं आहे. पण मूळ दहावी चेता तिथूनच तर जाते, ते फाटे तिलाही देता आले असते. शिवाय शंभरात एकाहूनही कमी लोकांत उजवी नस वळसा न घेता सरळ स्वरयंत्राला पोचते. तेही बोलतात, गातात, भांडतात. शल्यविशारदाला तेवढी ती आधी लक्षात यावी लागते.

घशाबद्दल एकच वाक्य : अन्न आणि हवा एकाच चौकातून नेण्याची कल्पना ज्याला निर्दोष वाटते, त्याला कधी जोरदार ठसका लागलेला नसावा.

‘फुकटचं काही नाही’ आणि ‘मेंदू दहाच टक्के वापरतो’ हे दोन दावे एकाच मजकुरात सुखाने नांदतात, याचं मला फार कौतुक आहे. दुसरा खरा असेल तर पहिला तिथेच कोसळतो. सुदैवाने दुसरा खोटा आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही तो ऊर्जा खातो वीस टक्क्यांच्या आसपास. नव्वद टक्के रिकामा राहणारा अवयव इतका महाग पोसला जात नाही.

पहिल्याबद्दल मात्र आमच्या बाजूच्या लोकांचीही एक चूक सांगायला हवी. अपेंडिक्स निव्वळ निरुपयोगी, असं कित्येक वर्षं सरसकट शिकवलं गेलं. त्यात रोगप्रतिकारक ऊती आहेत, आणि आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचा तो साठा असावा असंही मानलं जातं. अवशेषी अवयव म्हणजे मूळचं काम सुटलेला अवयव. त्याला दुसरं किरकोळ काम नसेलच असं नाही. तरीही खरंच न लागणाऱ्या गोष्टी आहेत. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावून मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते का? ती एका लांबट स्नायूची कंडरा. जगात सुमारे सातातल्या एकाला हा स्नायू निदान एका हातात नसतोच, आणि पकडीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दुसरीकडे कंडरा जोडायची वेळ आली की सर्जन खुशाल हीच काढून वापरतात.

सात वर्षांत नवं होणारं शरीर ही निम्मी खरी गोष्ट. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, तांबड्या पेशी १२० दिवस जगतात. पण स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये पेशींचं वय मोजायची एक भन्नाट युक्ती वापरली. अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता, आणि हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाचं प्रमाण तिच्या डीएनएत शिक्क्यासारखं राहतं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी त्या माणसाएवढ्याच वयाच्या निघाल्या. हृदयाच्या स्नायुपेशी ऐन पंचविशीतही वर्षाला एखादाच टक्का बदलतात. आणि डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीची असतात. तीच पुढे गढूळ होऊन मोतीबिंदू होतो.

‘लागेल ते सगळं शरीर बनवतं’ याला उत्तर एकाच शब्दात देता येतं : स्कर्व्ही. क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने हिरड्या सुजलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. बहुतेक सस्तन प्राण्यांवर ही वेळ येत नाही, कारण त्यांचं यकृत साखरेपासून क जीवनसत्त्व तयार करतं. आपल्यातही त्यासाठी लागणारं जनुक आहे, आठव्या गुणसूत्रावर. फक्त ते मोडलेलं आहे. ते नुसतं नसतं तर गोष्ट वेगळी होती. इथे यंत्राचे भंगलेले भाग जागेवर पडून आहेत.

ते आणखी कुणाचं मोडलं आहे? चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि सगळ्या माकडांचं. लेमूर मात्र ते जीवनसत्त्व बनवू शकतात, म्हणजे ही मोडतोड त्यांची शाखा फुटल्यानंतरची. गिनीपिगचंही जनुक गेलं आहे, पण स्वतंत्रपणे आणि वेगळ्या प्रकारे. फळं खाणाऱ्या पूर्वजाला त्या नुकसानीची झळ लागली नसणार, म्हणून ते तसंच पुढे आलं. पेपर तपासताना दोघांची उत्तरं बरोबर असली तर मी काही म्हणत नाही. दोघांनी तीच विचित्र चूक केली असेल तर मात्र ते कुठे बसले होते ते पाहतो. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७३५ मध्ये, डार्विनच्या जन्माच्या ७४ वर्षं आधी, माणसाला माकडांच्याच गटात बसवलं होतं. तो सृष्टी देवाने निर्मिली असं मानणारा होता. शरीरं शेजारी ठेवल्यावर त्याला दुसरी जागा सापडली नाही.

उरला अर्धवट डोळा. प्लॅनेरिया या चपट्या कृमीला रंगद्रव्याच्या वाटीत बसवलेल्या थोड्या प्रकाशपेशी आहेत. चित्र दिसत नाही, पण उजेड कोणत्या बाजूला आहे ते कळतं आणि तो अंधाराकडे सरकतो. वाटी आणखी खोल करून तोंड आवळलं की बारीक भोकाचा कॅमेरा तयार होतो. धूसर का होईना, चित्र पडतं. वरून पारदर्शक आवरण आणि भिंग आलं की आपल्यासारखा डोळा. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर यांनी वेग मुद्दाम कमी धरून हिशेब केला, तर सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतचा प्रवास चार लाखांहून कमी पिढ्यांत पुरा झाला. आणि भोकाच्या पायरीपर्यंतच आलेला, भिंग नसलेला डोळा पाहायला भूतकाळात जायची गरज नाही. ऑक्टोपसचा शंखातला भाऊबंद नॉटिलस त्याच डोळ्यात समुद्राचं पाणी घेऊन आजही पोहतो आहे.